‘सांबान्ड’ आणि संबंध

ज्या घरांतील नातवंडांस आजोबांची भाषा कळत नाहीं, त्या घराचें मूळ स्थानाशीं नातें उरलें असें म्हणावें काय? अमेरिकेंत स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन लोकांनीं या प्रश्नाचें उत्तर सव्वाशें वर्षें आपल्या आचरणानें दिलें आहे. तें वाचकांपुढें मांडावें असें आम्हांस वाटतें.

४ जुलै १८२५ रोजीं नॉर्वेच्या स्टाव्हांगर बंदरांतून ‘रेस्टाउरास्योन’ नांवाचें एक चिमुकलें गलबत निघालें. त्यांत ५२ माणसें होतीं. ९ ऑक्टोबरला तें न्यूयॉर्कला लागलें तेव्हां तीं ५३ झालीं होतीं. कारण वाटेंत एक कन्या जन्मली. पुढील शंभर वर्षांत सुमारें ८ लक्ष लोक त्याच वाटेनें गेले. नॉर्वेंत लागवडीस योग्य भूमि शेंकडा तीनचार. त्यांतही शेत बहुधा थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्यांनीं मिनेसोटा, विस्कॉन्सिन, डाकोटा या प्रांतांची वाट धरली.

या लोकांच्या मनांतील ‘देश’ म्हणजे सगळा नॉर्वे नव्हे. डोंगरांनीं वेगळें पाडलेलें एकेक खोरें हाच त्यांचा देश. त्याची बोली निराळी, पोशाख निराळा. अशा मुलखाला ‘बिग्द’ म्हणतात. १८९९ सालीं वाल्ड्रेस खोऱ्यांतून आलेली मंडळी मिनिआपोलिस शहरांतील मिनेहाहा उद्यानांत एकत्र जमली, आणि त्यांतूनच ‘वाल्ड्रेस सांबान्ड’ ही संस्था उभी राहिली. हें नांव ऐकून संस्कृतज्ञ वाचकांचे कान टवकारतील, आणि तें योग्यच आहे. त्यांतील ‘बान्ड’ आणि आपला ‘बन्ध्’ धातु हीं एकाच प्राचीन मूळाचीं अपत्यें होत. ‘सांबान्ड’ म्हणजे अक्षरशः ‘संबंध’!

वाल्ड्रेसचें पाहून इतर खोऱ्यांनींही आपापलीं मंडळें काढलीं. त्यांस ‘बिग्देलाग’ म्हणतात. त्यांची संख्या पुढें पन्नासाच्या घरांत गेली. वर्षांतून एकदां संमेलन भरे. तेथें ग्रंथांतील व प्रार्थनामंदिरांतील शिष्ट भाषा बाजूस ठेवून म्हातारे आपल्या बोलींत मनसोक्त बोलत. १९१४ सालीं नॉर्वेच्या राज्यघटनेस शंभर वर्षें झालीं, तेव्हां या मंडळांनीं निधि जमवून मातृभूमीस स्मारक-देणगी पाठविली.

पण लवकरच कसोटीचा काळ आला. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेंत परकीय भाषेकडे संशयानें पाहिलें जाऊं लागलें. २३ मे १९१८ रोजीं आयोवाचे गव्हर्नर हार्डिंग यांनीं शाळा, आगगाडी, टेलिफोन आणि प्रार्थनामंदिर येथेंही इंग्रजीवांचून दुसरी भाषा बोलण्यास मनाई केली. ज्यांस इंग्रजी कळत नाहीं त्यांनीं घरींच उपासना करावी, असा त्यांचा उपदेश! वर्ष सरण्यापूर्वीं ती आज्ञा उठली. परंतु भाषेची पिछेहाट थांबली नाहीं. मुलें इंग्रजींत वाढलीं आणि बोली ऐकण्यासाठीं संमेलनास येणारे एकेक करून कालवश झाले.

मग मंडळें मोडलीं काय? कांहीं मोडलीं. जीं टिकलीं त्यांनीं वंशावळीचें काम हातीं घेतलें. हें काम सोपें नव्हे. लार्सचा मुलगा ओले तो ‘ओले लार्सेन’, पण ओलेचा मुलगा मात्र ‘ओल्सेन’. शिवाय त्यापुढें शेताचें नांव. आपल्याकडे गांव सुटलें तरी ‘कर’ सुटत नाहीं. तेथें शेत बदललें कीं नांवही बदले. नॉर्वेंत स्थिर आडनांवाचा कायदा झाला तो १९२३ सालीं. म्हणून पूर्वज शोधावयाचा तर प्रथम त्याचें शेत शोधावें लागतें. त्यास आधार दोन: धर्मोपदेशकांनीं राखलेल्या जन्म-विवाह-मृत्यूच्या वह्या, आणि ‘बिग्देबोक’ नांवाचे ग्रंथ. या ग्रंथांत एकेका शेताचे धनी व त्यांचीं मुलें क्रमानें दिलेलीं असतात. धाकट्याच्या नांवापुढें पुष्कळदां एवढेंच आढळतें, कीं तो अमेरिकेस गेला. तेथें नॉर्वेची नोंद संपते. पुढची नोंद या मंडळांचे सभासद जोडतात. आणि जोडतां जोडतां तिकडे त्याच शेतावर नांदणारे चुलत-भाऊबंद सांपडतात, पत्रव्यवहार सुरू होतो, भेटी घडतात.

४ जुलै २०२५ रोजीं त्या जुन्या गलबताची प्रतिकृति स्टाव्हांगरहून निघाली आणि ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोहोंचली. असे सोहळे व्हावे. त्यांनीं मन उचंबळतें. परंतु संबंध टिकतो तो सोहळ्यानें नव्हे. गेलेल्या माणसाचें नांव, गांव आणि तिथि कोणीतरी नेमानें लिहून ठेवतो, आणि दुसरा कोणीतरी तें वाचावयास शिकतो, म्हणून तो टिकतो. भाषा गेली ही हानि मोठीच. ती भरून आली असें आम्ही म्हणत नाहीं. पण भाषा गेल्यावरही जें राखतां येतें, तें या लोकांनीं हातचें जाऊं दिलें नाहीं. घरांतील वडीलधारी माणसें आहेत तोंवरच त्यांच्याकडून तें टिपून घ्यावें, एवढेंच आमचें सांगणें.