मुंडकाराची झोप

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यावरील साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. सत्ता एका दिवसात जाते. मनात मुरलेले भय तारीख पाहून जात नाही. भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मुंडकाराला हे कोणी सांगावयास नको. घर बापाने बांधलेले, जमीन दुसऱ्याची. पडवीवर चार कौले वाढवावयाची तरी भाटकाराच्या दारात उभे राहावयाचे, आणि तेथे एखादा शब्द वावगा गेला तर चंबूगबाळे आवरावयाचे! पाखल्याच्या भयापेक्षा हे भय जवळचे. ते अंगणात येऊन बसत असे.

१९६४ च्या कायद्याने शेतातील कुळाला संरक्षण मिळाले. पुढे श्रीमती शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीत १९७५ चा मुंडकार कायदा झाला. घरातून हुसकावण्यास बंदी आली, घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. तरीही कित्येकांनी अर्ज केले नाहीत. त्यांना शहाणपण शिकविणाऱ्यांनी याला अडाणीपणा म्हटले. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याच्या माडाचे नारळ खाल्ले, ज्याने अडीअडचणीला भात दिले, त्याच्याविरुद्ध कचेरीत जावयाचे म्हणजे कृतघ्नपणा, ही टोचणी खरी होती. हक्क आणि उपकार यांच्या ओढाताणीत माणसे रात्र रात्र जागली. कायद्याच्या कलमांत या जागरणाला जागा नाही.

भाटकारही सगळेच वाड्यातले नव्हते. एखाद्या लहानशा भाटावर दिवस कंठणारी विधवाही 'भाटकारीण'च होती. काल नमस्कार करणारा माणूस आज नजर चुकवून जातो, हे तिला उत्पन्नापेक्षा अधिक लागले असेल. जुन्या अन्यायाची कड आम्ही घेणार नाही. पण त्या दुःखाची टर उडविणेही आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आमचा राग आहे तो निराळ्याच गोष्टीवर. मुंडकारांची प्रकरणे मामलेदार कचेऱ्यांत अद्याप पडून आहेत. भाटकाराचे वारस कोणी मुंबईस, कोणी लिस्बनला. नोटिसा फिरतात, तारखा पडतात. अर्ज करणारा बाप जातो, मुलगा तीच पिशवी काखोटीला मारून कचेरीची पायरी चढतो. पूर्वी भ्यावयाचे कोणाला हे निदान ठाऊक होते. आता तारखेला भ्यावयाचे. सरकारने मामलेदारांना वाड्यावाड्यांवर पाठवून तेथेच सुनावण्या घ्याव्यात, आणि निकालाचा कागद त्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत त्याच्या हाती द्यावा.