काविळीचं इंजेक्शन कशाला, असं विचारणाऱ्या बहिणीसाठी

गेल्या महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने ओतूरला जाणे झाले. जेवणाच्या पंगती उठल्या आणि मांडवामागे भांडी घासणाऱ्या बायकांतून माझी लांबची मावसबहीण हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली. तिचा नवरा कल्याण-नगर रस्त्यावर ट्रक चालवायचा. तो जाऊन बरीच वर्षे झाली. जाताना तो एच.आय.व्ही. हिच्या पदरात टाकून गेला. आज ती कांद्याच्या चाळीत मजुरी करते, रोज रात्री न चुकता गोळी घेते आणि तब्येत ठणठणीत राखून आहे.

इकडे तिकडे पाहून ती हळूच म्हणाली, "आक्का, तू दवाखान्यात नोकरी केलीस म्हणून तुला इचारते. गोळ्या मिळतात तिथल्या मॅडम म्हणल्या, काविळीची तीन इंजेक्शनं घे. जाऊ म्हणती, कावीळ झालीच नाही तर इंजेक्शन कशाला? मलाही भ्याव वाटतं. आधीच अंगात तो आजार, त्यात लस टोचून दुसरा उठला तर?"

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न एकट्या तिचा नाही. म्हणून त्याचे उत्तर सर्वांसाठी लिहीत आहे.

आपण 'कावीळ' हा एकच शब्द वापरतो, पण काविळी अनेक आहेत. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा महिना-दोन महिन्यांत आपोआप उतरते. म्हणूनच डोक्यावर घातलेल्या माळेला यश मिळाल्यासारखे वाटते. हिपॅटायटिस-बी मात्र वेगळी आहे. ती रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला लागते. म्हणजे एच.आय.व्ही. ज्या वाटांनी येतो, त्याच वाटांनी हीसुद्धा येते. हिचा विषाणू अंगाबाहेर सांडलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहू शकतो. दुसऱ्याचे ब्लेड, न उकळलेली सुई, जत्रेतले गोंदण, यांतून धोका असतो. एका ताटात जेवल्याने, पाणी प्यायल्याने किंवा लेकराला जवळ घेतल्याने ती लागत नाही.

सुईचा हलगर्जीपणा किती महाग पडतो, हे शेजारच्या गुजरातेत २००९ साली दिसले. मोडासा भागात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस-बीची साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या अंगात हा विषाणू होता. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. डोळे पिवळे होत नाहीत, दुखत नाही, आणि आतल्या आत यकृत वाळत जाते. पुढे जलोदर किंवा यकृताचा कर्करोग होतो.

निरोगी मोठ्या माणसाला लागण झाली, तर बहुधा शरीर हा विषाणू हुसकावून लावते. एच.आय.व्ही. असलेल्या माणसात तो ठाण मांडून बसण्याची शक्यता कितीतरी जास्त, आणि यकृतही लवकर खराब होते. म्हणून कावीळ होण्याआधीच लस घ्यायची. पाऊस सुरू झाल्यावर घर शाकारून काय उपयोग?

आता तिच्या भीतीविषयी. या लसीत जिवंत विषाणू नसतो. विषाणूच्या वरच्या कवचाचा एक तुकडा यीस्टमध्ये तयार करून ती बनवतात. त्यामुळे लसीने कावीळ होत नाही आणि एच.आय.व्ही.ही बळावत नाही. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही ही लस बनते. २०११ पासून ती देशभर तान्ह्या बाळांना सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यायचा असतो. पण आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना लहानपणी ही लस कुठून मिळणार?

ती घ्यायची कशी, ते नीट लक्षात ठेवा. आधी एच.बी.एस.ए.जी. नावाची रक्ततपासणी करायची. लागण नसेल तर पहिला डोस, एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. एच.आय.व्ही. असलेल्यांत ही लस कमी लागू पडते, म्हणून डॉक्टर काहींना दुप्पट मात्रा किंवा चार डोस देतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून संरक्षण तयार झाले का, ते पाहतात. आकडा दहाच्या खाली आला तर निराश होऊ नका, पुन्हा लस देता येते. एखादा डोस राहिला तर पहिल्यापासून सुरुवात करायची नाही. राहिलेला डोस घेऊन पुढे जायचे.

तपासणीत लागण निघाली तर लसीचा उपयोग नाही. पण घाबरू नका. तुमच्या रोजच्या गोळीत टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही औषधे असतील, तर ती दोन्ही विषाणूंना दाबून धरतात. म्हणूनच 'आता बरे वाटते' म्हणून गोळी सोडणे इथे दुप्पट धोक्याचे आहे. गोळी बंद झाली की दबलेली कावीळ उसळते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. घरच्यांची तपासणी करून त्यांनाही लस द्यावी. २०१८ पासून सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या रोगाची तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

शेवटी ती म्हणाली, "आक्का, लोकांना कळलं तर?" या प्रश्नाने माझा जीव कळवळला. १९९७ साली पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतले डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या ३९१ बायका त्यांनी तपासल्या. शंभरातल्या तेरा-चौदा जणींना एच.आय.व्ही. निघाला. त्यांतल्या बहुतेक जणी नवऱ्याशिवाय कुणाला न ओळखणाऱ्या होत्या. मग मान खाली त्यांनी का घालायची? शिवाय १० सप्टेंबर २०१८ पासून कायदा लागू आहे. संमतीशिवाय कुणाचा आजार उघड करता येत नाही, आणि आजारावरून उपचार नाकारता येत नाहीत. आणि ही लस तर डॉक्टर, नर्स, सफाई कामगार सारेच घेतात. ती टोचून घेतली म्हणून कुणाचे काही उघडे पडत नाही.

परवा तिचा फोन आला. आळेफाट्याला गाडी बदलून ती केंद्रावर गेली होती. पहिला डोस झाला. म्हणाली, "पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय. जावेनंच लिहिली."

तुमच्या घरात, नात्यात, गल्लीत कुणी अशी गोळी घेत असेल, तर त्याला एवढेच विचारा : काविळीची तपासणी झाली का, आणि लस घेतली का? जिथे गोळ्या मिळतात तिथेच पुढच्या खेपेला चौकशी करायला सांगा. आणि शक्य असेल तर सोबत जा.