परळहून परतलेलं माणूस



कॅन्सर म्हटलं की आपल्याला मुंबईचं परळ आठवतं. तिथलं टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. गावोगावची माणसं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम करून तिथं उपचार घेतात. बरं वाटलं की घरी येतात. घरचे म्हणतात, "सुटलो एकदाचे!" आणि चार महिन्यांनी कुरकुर सुरू होते, "चाळिशीची बाई, पण साठीची झाल्यागत बसून असते."

मंडळी, हा आळस नव्हे. तणनाशक फवारताना कधी पिकालाही झळ लागते ना? तसंच हे. केमोथेरपीची औषधं आणि किरणांचा उपचार रोगट पेशी मारतात, पण चांगल्या पेशींनाही इजा करतात. काही पेशी मरत नाहीत, नुसत्या थकून बसतात. अशा पेशी एरवी म्हातारपणी साचतात, त्या इथं लवकर साचू लागतात. म्हणून थकवा रेंगाळतो, दंड-मांड्यांतली ताकद जाते. काही बायकांची पाळी अकाली बंद होते आणि हाडं ठिसूळ होतात. काही औषधांनी पुढे कित्येक वर्षांनी हृदय कमजोर होऊ शकतं. सगळ्यांना सगळंच होतं असं नाही. पण म्हणून उपचार मात्र टाळू नका. जीव वाचला तरच म्हातारपण दिसणार!

मग करायचं काय? डॉक्टरांना विचारून रोज चालणं सुरू करा, बांधापर्यंत का होईना. जेवणात डाळ, दूध, उसळ, चालत असेल तर अंडं ठेवा. तंबाखू, मिश्री कायमची सोडा. हातापायांना मुंग्या येत असतील तर अनवाणी शेतात जाऊ नका. काटा रुतलेला कळत नाही. हाडांची, रक्तदाबाची, हृदयाची तपासणी कधी करायची ते विचारून घ्या. उपचारांची फाईल जपून ठेवा आणि तालुक्याच्या डॉक्टरांनाही दाखवा.

टाटामध्ये उपचार संपलेल्या मुलांच्या पुढच्या तपासणीसाठी १९९१ साली वेगळा दवाखाना सुरू झाला. गाठ गेली म्हणजे काम संपलं नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी तेव्हाच ओळखलं होतं.

आजारातून उठलेल्या बैलाला आपण लगेच नांगराला जुंपत नाही. मग घरच्या लक्ष्मीला विळा हाती द्यायची घाई कशाला?