औषधशास्त्राचा अभ्यास आणि घरचीं माणसें

गेल्या महिन्यांत जळगांवच्या एका स्नेह्यांच्या घरीं दोन दिवस राहण्याचा योग आला. घर भरलेलें, पंक्तीस एका वेळीं चौदा माणसें; परंतु त्या दोन दिवसांत कोणी मोकळेपणानें हंसलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. थोरल्या चिरंजीवांची कन्या बारावीस उत्तम गुण मिळवून औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीस गेली होती. पहिल्याच सत्रांत दोन विषयांत नापास होऊन ती घरीं आली होती. "तिला परत पाठवावें, कीं येथेंच एखादी सोपी पदवी घेऊं द्यावी?" असें आजोबांनीं आम्हांस विचारलें. आमचीं उमेदीचीं वर्षें औषधांच्या प्रयोगशाळेंत गेलेलीं, म्हणून हा प्रश्न आमच्याकडे आला. तो एकाच घरचा नाहीं. यास्तव येथें त्याचा विचार करीत आहों.

खानदेशच्या मुलामुलींस आतां उच्च शिक्षणासाठीं फार दूर जावें लागत नाहीं. जळगांवास १९९० सालीं विद्यापीठ झालें. धुळें जिल्ह्यांत शिरपूर येथें १९९२ सालीं आर. सी. पटेल यांच्या नांवाचें औषधनिर्माणशास्त्राचें महाविद्यालय निघालें. सोय झाली, परंतु अभ्यास सोपा झाला नाहीं. पदवीचीं वर्षें चार, सत्रें आठ. पहिल्याच सत्रांत शरीररचना, रासायनिक पृथक्करण, औषधें सिद्ध करण्याची विद्या आणि निरिंद्रिय रसायन हीं एकदम अंगावर येतात. शिवाय बारावीस गणित सोडलेल्यास गणिताची व जीवशास्त्र सोडलेल्यास जीवशास्त्राची उजळणी निराळी.

मुलगी म्हणाली, "मला सगळें पाठ होतें." तें खरेंच होतें. आम्हीं तिला एक साधें उदाहरण घातलें: ९० टक्के मद्यार्कापासून ६० टक्क्यांचा मद्यार्क ६०० मिलिलिटर तयार कर. तिनें क्षणांत उत्तर लिहिलें: मूळ मद्यार्क ४००, पाणी २००. वजाबाकी बिनचूक, तरी कृति चुकली. मद्यार्क आणि पाणी एकत्र होतांच मिश्रण आकसतें. ४०० आणि २०० मिळून ६०० भरत नाहींत. म्हणून ४०० मापून घ्यावे, पाणी घालून मिश्रण निवूं द्यावें, आणि मग ६०० च्या खुणेपर्यंत पाणी भरावें. पाठांतरास हें कळत नाहीं. ज्यानें एकदा हातानें केलें, तो विसरत नाहीं.

ही केवळ कांटेकोरपणाची हौस नव्हे. १९८६ च्या आरंभीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत चौदा रोगी दगावले. त्यांस दिलेल्या ग्लिसरीनमध्यें डायएथिलीन ग्लायकॉल हें विष मिसळलेलें होतें. दोन्ही द्रव बिनरंगी, दाट व गोडसर. डोळ्यांस भेद कळत नाहीं, तो परीक्षणानेंच कळतो. अमेरिकेंत १९३७ सालीं याच विषांत कालविलेल्या एका औषधानें शंभराहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं होतीं. पहिल्या सत्रांतील पृथक्करणाचा कंटाळवाणा तास असल्या मरणांस अडविण्यासाठींच असतो.

तेव्हां आम्हीं मुलीस तीनच गोष्टी सांगितल्या. प्रयोगाची वही त्याच संध्याकाळीं लिहावी, आणि प्रत्येक कृतीपुढें ‘असें कां?’ याचें उत्तर आपल्या शब्दांत असावें. इंग्रजींत वाचलेलें कोणास तरी मराठींत समजावून सांगावें. जेथें जीभ अडखळेल तेथें अभ्यास कच्चा आहे असें समजावें. आणि औषधांचीं नांवें सुटीं पाठ न करितां त्यांचीं कुळें ओळखावीं. प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅटेनोलॉल हीं ‘ओलॉल’नें संपणारीं औषधें हृदयाची गति मंदावतात; एनॅलाप्रिल, रॅमिप्रिल हीं ‘प्रिल’वालीं रक्तदाब उतरवितात. एका कुळाचें कार्य समजलें कीं भावंडें लक्षांत राहतात.

उरलेली गोष्ट मात्र वडील मंडळींस सांगावी लागली. या अभ्यासक्रमास ८० टक्के हजेरी लागते, आणि बुडालेला प्रयोग घरीं वाचून भरून निघत नाहीं. गेल्या सत्रांत मुलगी गौरीगणपतीस, दोन लग्नांस आणि एका मुंजीस घरीं आली होती. प्रत्येक वेळीं "दोन दिवसांनीं काय बिघडतें?" असें म्हणून तिला ठेवून घेतलें होतें. हें सारें मायेनें झालें. परंतु त्याचा हिशेब गुणपत्रिकेंत तिच्या एकटीच्या नांवावर पडला.

आजी इतका वेळ गप्प होत्या. परसांतल्या अडुळशाकडे बोट करून त्यांनीं नातीस विचारलें, "याचें कांहीं असतें का ग तुझ्या पुस्तकांत?" तिला सांगतां येईना, म्हणून आम्हींच सांगितलें कीं, अडुळशाच्या पानांतील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच कफ पातळ करणारें ब्रोमहेक्सीन हें औषध पुढें सिद्ध झालें. "मग तें शिकून आली म्हणजे मला नीट सांग," आजी म्हणाल्या. नातीच्या अभ्यासाविषयीं त्या घरांत गुणांखेरीज विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

सोमवारीं मुलगी परत गेली. निघतांना आजोबांनीं दिनदर्शिकेवरील वैशाखांतल्या लग्नाची तिथि तिला दाखविली आणि म्हणाले, "त्या दिवशीं प्रयोग असला तर येऊं नकोस. आम्ही सांगूं सर्वांना." राहिलेल्या दोन विषयांची परीक्षा पुढील महिन्यांत आहे.