चेकअपच्या आधीचा आठवडा

ऑफिसच्या वार्षिक चेकअपची तारीख लागली की रोज घेणारी मंडळी आठवडाभर बाटलीला हात लावत नाहीत. रिपोर्ट ‘ठीक’ आला की त्याच संध्याकाळी पुन्हा बसणं सुरू. माझ्या आतेभावाने वर्षानुवर्षं हेच केलं. आता त्याची फाइल वाचताना जीव तुटतो, कारण रक्त खरं तेच सांगत होतं.

लिव्हरची एन्झाइम्स: एसजीओटी ९६, एसजीपीटी ४४. दोन्ही आकडे फार मोठे नाहीत, म्हणून कुणी थांबून पाहिलं नाही. पण वजनामुळे होणाऱ्या फॅटी लिव्हरमध्ये सुरुवातीला बहुधा एसजीपीटी जास्त असतं. एसजीओटी त्याच्या दुप्पट दिसलं, तर डॉक्टरांच्या मनात दारूची शंका येते. जीजीटी हे आणखी एक एन्झाइम वाढलेलं असेल तर ती बळावते. दारू थांबवली तरी जीजीटी निम्म्यावर यायलाच दोन-तीन आठवडे लागतात. (फिटच्या गोळ्यांनी किंवा पित्तनलिकेतल्या खड्यानेही ते वाढतं, न पिणाऱ्यावर उगाच संशय नको.) साध्या सीबीसीतला एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, तर महिनोन्‌महिने चढा राहू शकतो, कारण लाल पेशींचं आयुष्यच सुमारे १२० दिवसांचं.

भाऊ खूश होता तो एचडीएलवर. ६४! चांगलं कोलेस्टेरॉल! दारूने एचडीएल वाढतं हे खरं, पण त्याने हृदयाला कवच मिळतं असं मानायला आधार नाही. औषधांनी एचडीएल वाढवून पाहिलं, तरी हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. त्याच पानावर खाली ट्रायग्लिसराइड ४३० होतं. दारू पचवण्यात गुंतलेलं लिव्हर चरबी जाळायचं बाजूला ठेवतं, उलट नवी बनवून रक्तात सोडतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हिशेबाने काढलेल्या एलडीएलवर, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलवर, विसंबता येत नाही. ते थेट मोजून घ्यावं लागतं. ५०० च्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याचीही भीती.

मला सर्वांत भयंकर वाटते ती पुढची पायरी. कोलेस्टेरॉल बनवतं मुख्यतः लिव्हरच. सिरॉसिसमध्ये ते थकलं की कोलेस्टेरॉल आपोआप उतरतं, एसजीपीटीही नॉर्मल दिसू शकतं. घरात पेढे वाटावेत असा रिपोर्ट, आणि आत लिव्हर दगडासारखं. तेव्हा घसरलेलं अल्ब्युमिन आणि कमी झालेल्या प्लेटलेट्स बघायच्या असतात.

म्हणून डॉक्टरांना ‘कधीतरी घेतो’ असं सांगू नका. आकडा सांगा. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. रोज एक आणि शनिवारी दोन, हे सांगितलं की त्यांना नेमकं काय शोधायचं ते कळतं. माझ्या भावाच्या बाबतीत हे शेवटी वहिनीने सांगितलं, आणि त्याच दिवशी लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन लिहून दिला गेला.

आणखी एक. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने चेकअपसाठी काय किंवा श्रावणासाठी काय, स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. हात थरथरणं, भास होणं, फिट येणं, इथवर गोष्ट जाते आणि त्यात माणूस दगावूही शकतो. त्यासाठी औषधं आहेत. सोडायची ती सोडाच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.