शाळेचा अहवाल आणि आपला अहवाल

डिसेंबर २०२५ मध्ये खानापूर तालुक्यातील जंगलालगतच्या एका मराठी हायस्कूलच्या वार्षिक पारितोषिक वितरणाला आम्ही गेलो होतो. शाळेचे नाव येथे मुद्दाम देत नाही. तेथे जे पाहिले ते बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील बहुतेक मराठी हायस्कुलांत थोड्याफार फरकाने पाहायला मिळते.

प्रथेप्रमाणे ईशस्तवन, स्वागतगीत आणि दीपप्रज्वलन झाले. मग मुख्याध्यापकांनी वर्षाचा अहवाल वाचला. मुलींचा खो-खो संघ तालुक्यात पहिला आला. 'प्रतिभा कारंजी'त दोन मुले जिल्हा पातळीपर्यंत गेली. आठवीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनात पावसाळ्यात भात वाळवण्याची साधी पेटी करून मांडली. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक गुणवत्ता शिष्यवृत्तीत दोघांची निवड झाली. मुलांनी स्वतःच्या हाताने लिहून, चित्रे काढून मराठी हस्तलिखित तयार केले. दहावीत पहिली आलेली मुलगी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली, तेव्हा तिची आई खाली मागच्या रांगेत उभी होती. ती रोजगाराला जाते, त्या दिवशीचा खाडा करून आली होती. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या.

परत येताना मात्र एक गोष्ट मनात राहिली. शाळेने आपला वर्षाचा अहवाल वाचून दाखवला. तसा आपल्या समाजाने, म्हणजे तुम्ही-आम्ही, या शाळेसाठी वर्षभरात काय केले याचा अहवाल वाचायचा ठरवला तर त्यात किती ओळी निघतील?

आधी या मुलांचे यश नेमके काय आहे ते समजून घेऊ. कर्नाटकात २०२५ च्या दहावीच्या परीक्षेला एकूण ६२५ गुण होते. पहिली भाषा १२५ गुणांची. दुसरी व तिसरी भाषा, गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान प्रत्येकी १०० गुणांचे. आपल्या मुलाची पहिली भाषा मराठी. त्याखेरीज इंग्रजी आहे, आणि राज्याची भाषा म्हणून कन्नडही आहे. घरात एकही कन्नड शब्द कानावर न पडलेली डोंगराळ वाडीवरची मुले ही परीक्षा देतात. २०२४ साली परीक्षेच्या वर्गांत कॅमेरे बसवले गेले. आदल्या वर्षी ८३.८९ टक्के असलेला राज्याचा निकाल त्या वर्षी वाढीव गुण देऊनही ७३.४० टक्क्यांवर आला. अशा काळात ज्या शाळेची मुले स्वतःच्या अभ्यासावर पास होतात, तिचा निकाल खणखणीत नाण्यासारखा असतो. त्यात कन्नडमध्ये चांगले गुण मिळवणाऱ्या मुलाचे कौतुक आपण हात राखून करू नये. आपला विरोध सक्तीला होता आणि आहे. भाषेशी आपले कधी वैर नव्हते. ज्या राज्यात राहायचे, ज्या कचेरीत अर्ज द्यायचा, तेथील भाषा मुलाला उत्तम आली तर तो कोणापुढे दबणार नाही.

शिष्यवृत्तीचेही तसेच. आठवीत परीक्षा, बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न. निवड झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि मूल सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत शिकत असले पाहिजे. म्हणजे भरमसाट फी घेणाऱ्या विनाअनुदानित शाळेतील मुलाला ही परीक्षा देताच येत नाही. आपल्या अनुदानित मराठी हायस्कूलमधील मुलाला देता येते. किती पालकांना हे ठाऊक आहे? या शाळेत ठाऊक झाले, कारण एक शिक्षक शाळा सुटल्यावर थांबून मुलांची तयारी करून घेतात. त्यांची शेवटची बस चुकते, मग ते कोणाच्या तरी दुचाकीवरून घरी जातात. अहवालात ही ओळ नव्हती. आम्हाला ती चहाच्या वेळी कळली.

अहवालात आणखीही काही नव्हते. आठवीच्या वर्गात मुले कमी होत चालली आहेत. गणिताची जागा रिकामी आहे आणि तेथे मानधनावर एक तरुण शिकवतो. ते मानधन संस्थेचे पदाधिकारी वर्गणी काढून देतात. ज्या वाड्यांतून मुले येतात तेथील मराठी प्राथमिक शाळांचा पट घटत आहे. खालचा झरा आटला की वरचे तळे किती दिवस भरलेले राहील, हे शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको.

येथे कायद्याची एक बाजू आपल्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. राज्यपुनर्रचनेच्या वेळी, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने, घटनेत कलम ३५०-अ आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षण देण्याची पुरेशी सोय करावी असे ते सांगते, पण ते प्राथमिक शिक्षणापुरतेच. हायस्कूलला त्या कलमाचे छत्र नाही. हायस्कूल उभे असते ते कलम ३० च्या आधारावर, म्हणजे अल्पसंख्याकांनी आपल्या पसंतीची शाळा काढावी व चालवावी या हक्कावर. भाषिक अल्पसंख्याक कोण हे राज्य हा घटक धरून ठरवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली टी. एम. ए. पै प्रकरणात सांगितले. म्हणून एखाद्या गावात घरटी मराठी बोलली जात असली तरी कर्नाटकात आपण भाषिक अल्पसंख्याकच ठरतो आणि हा हक्क आपल्याला आहे. पण हक्क शाळा काढण्याचा व चालवण्याचा आहे. चालवायची आपल्यालाच आहे.

शिवाय हे हक्क शेवटी मुलांच्या डोक्यांवर मोजले जातात. प्राथमिक शाळेत मातृभाषेची सोय मागण्यासाठी शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले हवीत, हा दंडक १९४९ पासूनचा आहे. पट नसेल तर निवेदन कितीही जोरदार असो, समोरचा अधिकारी हजेरीपट उघडून दाखवतो.

आता कटू वाटले तरी बोलले पाहिजे. त्या समारंभाला व्यासपीठावर आणि पुढच्या खुर्च्यांवर आम्ही जे बसलो होतो, त्यांपैकी किती जणांची नातवंडे मराठी शाळेत आहेत? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मराठी शाळा वाचवा असे भाषण करणारा घरी जाऊन नातवाच्या इंग्रजी शाळेच्या बसची वेळ विचारतो. आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही. हे पत्र चालवणाऱ्या आमच्याही घरांत हेच आहे. जुन्या पिढ्यांनी या भागात मराठी शाळा काढल्या त्या स्वतःची मुले त्यांत घालण्यासाठी. आज आपण त्या चालवतो त्या दुसऱ्यांच्या मुलांसाठी, आणि चालवतो म्हणजे बहुधा समारंभाला जातो.

पालकांना दोष देऊन मात्र काही साधणार नाही. त्यांची भीती खोटी नाही. दहावीनंतर विज्ञान शाखेला गेले की सगळे इंग्रजीतून. मराठीतून ९० टक्के मिळवलेले मूल पीयूसीच्या पहिल्या तीन महिन्यांत गोंधळते, आणि तेवढ्या अनुभवावर शेजारच्या चार घरांतली धाकटी मुले इंग्रजी शाळेत जातात. प्राथमिक शाळेचे माध्यम सरकारला लादता येणार नाही, ती निवड पालकाची, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्याच प्रकरणात दिला. तेव्हा मराठी शाळेत मूल आणायचे तर पालकाचे मन जिंकूनच आणावे लागेल. भावनेच्या हाकेवर आता कोणी मूल पाठवत नाही, आणि का पाठवावे?

आपल्याकडे १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आपण जातो. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ज्यांनी प्राण दिले त्यांना अभिवादन करतो. ते आंदोलन शाळेतल्या भाषेवरून पेटले होते हे तरुणांना सांगावे लागते. आणि त्याच सुमारास शाळा उघडतात, प्रवेश चालू असतात. सकाळी स्मारकावर फूल वाहिलेल्या प्रत्येकाने त्याच दिवशी जवळच्या मराठी शाळेत जाऊन पट विचारला, तर त्या अभिवादनाला अर्थ येईल. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लढणारे लढतील. पण निकाल लागेल त्या दिवशी येथे मराठी वाचणारी मुले असली पाहिजेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले. त्या पेढ्यांतला एकही मराठी हायस्कूलच्या गणिताच्या रिकाम्या जागेपर्यंत पोचलेला नाही.

सरकारकडे मागायचे ते मागितलेच पाहिजे: रिक्त जागा भरा, मराठी पाठ्यपुस्तके वर्ग सुरू होताना द्या, परिपत्रके मराठीतही पाठवा. पण त्याची वाट न पाहता आपल्या हातात असलेल्या चार गोष्टी आम्ही मांडतो.

पहिली, प्रत्येक हायस्कूलच्या हद्दीतील वाड्या मंडळाच्या सभासदांनी वाटून घ्याव्यात आणि एप्रिल-मेमध्ये सातवी पास मुलांच्या घरी जावे. शिक्षकांना एकटे फिरायला लावू नये.

दुसरी, दहावीची परीक्षा झाल्यापासून पीयूसी सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत विज्ञान व गणिताच्या इंग्रजी परिभाषेचा वर्ग चालवावा. आपल्यात निवृत्त प्राध्यापक, अभियंते, बँकेतले लोक पुष्कळ आहेत. पालकांची सर्वांत मोठी भीती येथे कमी होईल.

तिसरी, शिष्यवृत्ती परीक्षेचा शनिवारचा वर्ग प्रत्येक केंद्रावर सुरू करावा आणि कन्नडसाठी चांगला कन्नड शिक्षक मानधनावर आणावा. त्याच वर्गात दहावीच्या मुलांना हेही सांगावे की महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. कागदपत्रे वेळेत न जमवल्याने ती संधी जाऊ नये.

चौथी, मानधनाचा निधी. गणपती, शिवजयंतीच्या मंडळांनी आपल्या खर्चातला एक लहान हिस्सा बाजूला काढला तरी एका शिक्षकाचे वर्षाचे मानधन निघेल. त्याचा जमाखर्च दर तिमाहीला या पत्रात छापण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

आणि पाचवी गोष्ट, जी कोणी कोणाला सांगू शकत नाही. ज्यांच्या घरात यंदा सहा वर्षांचे मूल आहे त्यांनी एकदा जवळच्या मराठी शाळेत जाऊन बसावे, वर्ग पाहावा, शिक्षकांशी बोलावे. न पाहताच नाकारू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

समारंभ संपल्यावर त्या मुलीच्या आईने मुख्याध्यापकांना विचारले, "सर, धाकट्याला पण इथंच घालायचं नव्हं?" सरांनी हो म्हटले. तो आठवीत यायला अजून तीन वर्षे आहेत. तोपर्यंत तेथे आठवीचा वर्ग आणि गणिताचा शिक्षक असेल की नाही, हे त्या सरांच्या एकट्याच्या हातात नाही. पुढच्या डिसेंबरात आम्ही पुन्हा त्या शाळेत जाणार आहोत. त्या वेळी शाळेच्या अहवालानंतर आपलाही अहवाल वाचता यावा, अशी आमची इच्छा आहे. आपल्या गावातील हायस्कूलसाठी जे सभासद वरीलपैकी एक तरी काम अंगावर घेतील, त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव नोंदवावे.