जपानची तांदूळ-जकात आणि आमचीं भातखाचरें

परदेशी तांदूळ देशांत येऊं द्यावा कीं जबर जकात बसवून तो बाहेर थोपवावा, हा वाद जपान देशांत गेलीं तीस-पस्तीस वर्षें चालत आला आहे. सन २०२५ मध्यें तेथें तांदूळ महाग झाला तेव्हां तो नव्यानें पेटला, आणि त्याचे पडसाद आमच्या सभासदांच्या बोलण्यांतही उमटूं लागले. जपानसारखी जकातीची भिंत आम्हांसही हवी, असें कित्येक म्हणतात. भिंत नको, बाजार मोकळा असावा, असें दुसरे म्हणतात. दोघेही आमचेच बंधु आहेत, व दोघांच्याही म्हणण्यास अनुभवाचा आधार आहे. म्हणून या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करणें आम्हांस इष्ट वाटतें.

जकात ही गोष्ट जुन्नरकरांस नवी नाहीं. कोंकणांतून वर येणारा माल ज्या नाणेघाटानें चढत असे, त्या घाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आजही उभा आहे, व सातवाहनांच्या काळीं त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत असत अशी परंपरा आहे. आज त्याच बाजूस घाटघर, अंजनावळे या गांवांतून भाताचीं खाचरें आहेत. तेव्हां जकात असावी कीं नसावी, एवढाच प्रश्न करून भागत नाहीं. ती कोणाच्या हिताकरितां बसते व किती दिवस टिकते, हें पाहिलें पाहिजे.

प्रथम जपानचें उदाहरण घेऊं. सन १९९३ च्या उन्हाळ्यांत तेथें असाधारण थंडी पडून भातपीक बुडालें, आणि जो देश बाहेरचा तांदूळ सहसा आंत येऊं देत नसे, त्यास सुमारें पंचवीस लाख टन तांदूळ परदेशांतून आणावा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस जागतिक व्यापाराच्या वाटाघाटींत त्यानें दरसाल ठराविक तांदूळ घेण्याचें मान्य केलें. हल्लीं सुमारें पावणेआठ लाख टन तांदूळ सरकारमार्फत बिनजकात येतो; त्यापलीकडे कोणी आणूं म्हणेल तर किलोमागें ३४१ येन जकात भरावी लागते.

भिंत भक्कम खरी. पण तिच्या आंत काय झालें? भाव पडूं नये म्हणून सुमारें १९७० पासून २०१८ पर्यंत तेथील सरकारनें शेतकऱ्यांकडून भाताखालील जमीन कमी करविली. तरुण मंडळी शहरांत गेली. शेती हाच मुख्य धंदा करणाऱ्यांचें सरासरी वय आतां सत्तरीच्या आसपास आहे. पुढें तांदळाचा भाव एका वर्षांत दुप्पट झाला. २०२५ च्या वसंतांत पांच किलोच्या पिशवीस चार हजार येनांहून अधिक पडूं लागले. सरकारास राखीव कोठारें उघडावीं लागलीं, आणि ३४१ येन भरूनही परदेशी तांदूळ आणणें व्यापाऱ्यांस परवडूं लागलें. आपणांस तांदूळ विकत घ्यावा लागत नाहीं, असें बोलून गेलेल्या कृषिमंत्र्यास मे महिन्यांत पद सोडावें लागलें.

यावरून जकात व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणें योग्य होणार नाहीं. एक गोष्ट तेथील शेतकऱ्यास निश्चित मिळाली. आपण लावणी केली आणि कापणीपूर्वीं सरकारनें नियम फिरविला, अशी धास्ती त्यास सहसा बाळगावी लागली नाहीं. भिंतीनें त्याची मुलें शेतावर ठेविलीं नाहींत हें खरें, पण हिशेब करून शेती करण्याची सोय दिली. आमच्या मतें त्या देशाकडून घेण्याजोगी गोष्ट हीच आहे.

आतां आपल्याकडे पाहूं. जगांत जो तांदूळ एका देशांतून दुसऱ्या देशांत जातो, त्यापैकीं सुमारें चाळीस टक्के हिंदुस्थानचा असतो. परदेशी तांदूळ येऊन आमचा भाव पाडील ही भीति आज नाहीं. आमच्याकडील दार बाहेरच्या बाजूनें बंद होतें. सप्टेंबर २०२२ मध्यें तुकडा तांदळाच्या निर्यातीस बंदी झाली; २० जुलै २०२३ रोजीं बासमतीखेरीज सर्व पांढऱ्या तांदळास झाली; ती सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस उठली. कांद्याची हकीकत तर ओतूर, आळेफाटा व मंचर येथील बाजारांत बसणाऱ्या प्रत्येकास पाठ आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें चाळीस टक्के निर्यातकर, डिसेंबरांत सरसकट बंदी, मे २०२४ मध्यें बंदी उठून कर कायम, सप्टेंबरांत कर निम्मा, आणि १ एप्रिल २०२५ पासून कर रद्द. दीड वर्षाहून थोड्या अधिक काळांत पांच वेळां नियम बदलला. ज्यानें बराखींत कांदा भरला, त्यानें कोणत्या नियमावर भरंवसा ठेवावा?

आयातीचेंही तसेंच. कच्च्या खाद्यतेलावरील मूळ जकात सप्टेंबर २०२४ मध्यें वीस टक्के केली, तेव्हां सोयाबीनवाल्यास धीर आला; ३० मे २०२५ रोजीं ती दहा टक्क्यांवर आणली. भिंत उभारावी व नऊ महिन्यांत अर्धी पाडावी, यास संरक्षण म्हणतां येत नाहीं, आणि मोकळा व्यापारही म्हणतां येत नाहीं.

आंबेगांवास लागून असलेल्या खेड तालुक्यांत, आंबेठाण येथें राहून शरद जोशी यांनीं ही गोष्ट फार पूर्वीं सांगितली होती. ते स्वित्झर्लंडमधील नोकरी सोडून आले, आणि युरोपांतील शेतकऱ्यास सरकार कसें जपतें तें त्यांस माहीत होतें. तरीही त्यांनीं भिंत मागितली नाहीं. आपल्या शेतकऱ्याच्या पदरीं पडणारी सबसिडी ही उणे आहे, सरकार निर्यात रोखून त्याच्याकडूनच घेत असतें, असें मांडून त्यांनीं १९९० नंतरच्या वाटाघाटींत खुल्या व्यापाराची बाजू घेतली. त्याच काळीं कर्नाटकांत नंजुंडस्वामी यांनीं उलट बाजू घेऊन त्या कराराविरुद्ध शेतकरी उभे केले. दोघांच्या अनुयायांत आजही मतभेद आहे. परंतु पेरल्यानंतर नियम फिरूं नये, या मागणीस दोन्ही पक्षांतील कोणीही शेतकरी नाहीं म्हणणार नाहीं.

येथें आमच्या पश्चिमेकडील बांधवांची गोष्ट निराळी काढणें जरूर आहे. भीमाशंकर, आहुपे, घाटघर या पट्ट्यांत राब भाजून, चिखलणी व आवणी करून जें भात पिकतें, तें पुष्कळसें घरींच खाल्लें जातें. थोडें विकलें जातें. पडकई करून उतारावर काढलेल्या लहान खाचरांचा हा धनी निर्यातकरानें तरत नाहीं व जपानी जकातीनेंही तरणार नाहीं. त्याचा आंबेमोहोर, जिरवेल वा इंद्रायणी पुण्याच्या पेठेंत पोंचेपर्यंत नांव व भाव दोन्ही वाटेंतच दुसऱ्याच्या हातीं जातात. डिंभे व माणिकडोह हीं धरणें त्याच्याच खोऱ्यांत असून पाणी मात्र बहुतेक खालीं पूर्वेस जातें. त्याचें संरक्षण करावयाचें तर पडकईच्या कामास नियमित पैसा, शुद्ध बियाणें, गांवगटाची भातगिरणी आणि स्वतःच्या नांवानें विक्री, हीं साधनें पाहिजेत.

शहरांतील गरिबानें महाग तांदूळ व कांदा कोठून खावा, असा आक्षेप येईल, व तो न्याय्य आहे. आमच्यांतही भूमिहीन मजूर आहेत व तेही बाजारांतूनच धान्य घेतात. त्यांस स्वस्त धान्य अवश्य मिळावें; परंतु तें सरकारच्या कोठारांतून व सर्व देशाच्या तिजोरींतून मिळावें. एकट्या पिकविणाऱ्याच्या खिशांतून तें काढणें न्यायाचें नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें थोडक्यांत असें. आयात व निर्यात या दोहोंवरील कर प्रत्येक हंगामाच्या पेरणीपूर्वीं जाहीर व्हावे, आणि तें पीक विकलें जाईपर्यंत बदलूं नयेत. दुष्काळासारख्या प्रसंगीं बदलणें अटळ झालें, तर बंदीच्या आदल्या दिवशींच्या भावानें सरकारनें माल घ्यावा. कर किती असावा याविषयीं सभासदांत मतभेद राहिला तरी चालेल. तो टिकावा याविषयीं मात्र एकमत झालें पाहिजे.

कोणत्या पक्षानें आजवर काय केलें, याचा हिशेब येथें मांडण्याचा आमचा उद्देश नाहीं. सभासदांनीं आपापल्या गांवीं ही मागणी ग्रामसभेपुढें ठेवून तिचा ठराव करावा, आणि तो करतांना पूर्वेकडील कांदेवाल्यांनीं पश्चिमेकडील खाचरांचें कलमही त्यांत आवर्जून घालावें, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.